चंद्रभागेच्या कपाळावरचा ठिपका

चंद्रभागा एक्केचाळीस आठवडे गप्प होती. ती मेली होती की विचार करत होती, एवढाच काय तो प्रश्न. पण त्या एका प्रश्नापायी पंचवटीतल्या लतामावशींच्या सायबर कॅफेत दर मंगळवारी असं काही भांडण जुंपायचं, की बाहेरच्या भाजीबाजारातल्या बायकांनी ऐकलं असतं तर मेथीच्या जुड्या खाली ठेवून दाद दिली असती.

चंद्रभागा म्हणजे दगड. शिवी नव्हे, खरोखरचा दगड. इंटरनेटवर एक इंग्रजी चित्रकथा चालायची, दर मंगळवारी एक चित्र. सूर्यापासून फार लांब असलेल्या एका काळोख्या ग्रहाची गोष्ट. तिथे माणसं नव्हती, जनावरं नव्हती, यंत्रमानवसुद्धा नव्हते. होते ते उभे दगड, आणि ते जिवंत होते. त्यांना तोंड नव्हतं. बोलायचं झालं की त्यांच्या अंगावर शेवाळ उगवायचं आणि समोरचा दगड ते शेवाळ सावकाश वाचायचा. डोळे नाहीत तर वाचायचा कसा, यावर चाहत्यांच्या फोरमवर एकोणीस पानं चर्चा झाली होती आणि निकाल लागला नव्हता. एक वाक्य पुरं व्हायला आपलं वर्ष-दीड वर्ष लागायचं.

दगडांची मूळ नावं नुसत्या व्यंजनांची होती. ती उच्चारताना छायाच्या तोंडातली बडीशेप एकदा थेट कीबोर्डवर उडाली, तेव्हापासून योगिनीने मराठी नावं ठेवली. मोठ्या दगडाला चंद्रभागा, कारण योगिनीच्या वडिलांची आत्या, म्हणजे तिची आत्याआजी चंद्रभागा, हीसुद्धा काही विचारलं की आधी पान जुळवायची, मग सुपारी कातरायची, मग उत्तर द्यायची. आणि तिच्याकडे झुकलेल्या छोट्या दगडाला चिमाजी. चिमाजीने दोन हजार पाच साली विचारायला घेतलेला प्रश्न दोन हजार सातच्या सुरुवातीला पुरा झाला होता, "ते गेले का?" कोण गेले, कुठे गेले, कुणालाच माहीत नव्हतं. आता दोन हजार सात संपत आलं होतं आणि चिमाजी अजून उत्तराची वाट बघत होता. त्याच्याबरोबर सत्तावीस देशांतले सहाशे लोक वाट बघत होते, आणि नाशिकचे तिघे.

तिघे म्हणजे नववी ब मधल्या योगिनी आणि छाया, आणि नववी अ मधला ओम. ओमचं मत असं नव्हतंच, त्याची वही होती. दर मंगळवारचं चित्र तो पडद्यावरून बघून शिसपेन्सिलीने उतरवून घ्यायचा आणि खाली तारीख घालायचा. गेले कित्येक आठवडे चित्र एकच होतं, तरी तो दर खेपेला पहिल्यापासून काढायचा. "एक रेघ जरी बदलली ना, तर आपल्याला कळायला पाहिजे," म्हणायचा.

छाया मृतपक्षाची. "मेलीय ती. उगाच आशा लावून बसलेत सगळे. लेखक कंटाळलाय आणि तेच चित्र परत परत टाकतोय."

योगिनी जिवंतपक्षाची. "ती विचार करतेय. तुला विचार करायची सवय नाही म्हणून तुला ते मेल्यासारखं वाटतं."

"बाई गं! आठवीपर्यंत वर्गात हजेरीलासुद्धा हिचा आवाज ऐकू यायचा नाही, आणि आता बघा!"

हे मात्र खरं होतं. योगिनी भिमाजी यांची मुलगी. भिमाजींचं मखमलाबादच्या बाजूला झेंडूचं आणि गुलाबाचं वावर, पहाटे फुलं पंचवटीच्या फूलबाजारात. घरात सगळेच बोलणारे, म्हणून योगिनीच्या वाट्याला बोलणं उरतच नसे. शाळेत तर ती बाकाखाली लपल्यासारखी हळू बोलायची. मग नववीच्या सुरुवातीला छायाने तिला हे दगड दाखवले, आणि त्या फोरमवर योगिनीने शब्दकोश मांडीवर घेऊन, तासभर घाम गाळून, आयुष्यातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य लिहिलं: मला वाटतं, ती थकली आहे. फिनलंडच्या कुणा माणसाने खाली उत्तर दिलं, "चांगला विचार." बस्स! दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी "कोण वाचेल" म्हणेपर्यंत योगिनीचा हात वर होता, आणि तो परत खाली आणायला बाईंना पुढे फार त्रास झाला.

घरी तिने एकदा चित्राची छापील प्रत नेली होती. भिमाजींनी ती उजेडात धरून, मग उलटी धरून बघितली.

"हे काय, दगडं हायेत का?"

"हो दादा. पण जिवंत आहेत."

"आमचा जन्म गेला वावरातली दगडं येचून बांधावर टाकण्यात, अन् तू ती बघाया गावात जाती?" मग प्रत परत देताना जरा विचार करून म्हणाले, "हा डावीकडचा लय मोठा हाय. हा नाय निघायचा, सुरुंगच लावावा लागंल."

तर अशा परिस्थितीत दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा. योगिनीच्या घरी विळे, फवारणीचा पंप आणि मोटरसायकल न्हाऊन-माखून ओळीने उभी. लतामावशींच्या कॅफेत तीन कॉम्प्युटर, झेरॉक्सचं मशीन आणि जुना पिवळा एसटीडी बूथ. आता त्यातून फोन कुणी करत नसे, म्हणून त्या काचेच्या बूथमध्ये मावशी स्वतःच गल्ला घेऊन बसायच्या. योगिनी घरून झेंडूची टोपली घेऊन आली तशी मावशी आतून म्हणाल्या, "योगे, फुलं आणलीस तशी पूजापण तूच कर बाई. माझी कंबर वाकत नाही आणि तुझा हात हलका आहे."

योगिनीने मनापासून पूजा केली. प्रत्येक कीबोर्डवर फूल, प्रत्येक माउसला अक्षता, आणि प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकू. तिसऱ्या मॉनिटरपाशी पोचली तेव्हा मावशींचं लक्ष गेलं.

"अगं बये! काचेवर कशाला लावलंस? गिऱ्हाइकाने काय बघायचं मग, कुंकू? वर लावायचं, प्लास्टिकला!"

योगिनीने जीभ चावली, ओढणीच्या टोकाने तिन्ही काचा पुसल्या आणि वर प्लास्टिकला पुन्हा बोटं टेकवली. मावशींनी पेढा दिला. झालं, संपलं.

त्यानंतरच्या मंगळवारी शाळा सुटल्यावर तिघे नेहमीप्रमाणे तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले. तीन नंबर त्यांचा ठरलेला, कारण पंखा त्याच्यावर होता. चित्र उघडायला सुरुवात झाली. वरून खाली, पट्टी-पट्टीने, दगडांचाही धीर सुटावा अशा बेताने. आकाश आलं. चंद्रभागेचं टोक आलं. आणि मग योगिनीने ओमचा दंड इतक्या जोरात धरला की वहीवर पेन्सिल मोडली.

"लाल!"

चंद्रभागेच्या वरच्या भागात, माणूस असती तर जिथे कपाळ असतं बरोबर तिथे, एक ठिपका होता. मोहरीएवढा. लालसर.

आता यातलं गांभीर्य नीट समजून घ्यायला हवं. चार वर्षांच्या त्या चित्रकथेत लाल रंग एकदाही आला नव्हता. राखाडी, काळा आणि शेवाळाचा हिरवा, एवढेच रंग. त्यात लाल!

"ती बोलतेय," योगिनी म्हणाली. तिचा आवाज बूथच्या काचेपलीकडे मावशींनाही ऐकू गेला. "शेवाळाची सुरुवात आहे ही. जिवंत आहे! सांगितलं होतं मी, जिवंत आहे!"

ओमने पिशवीतून बाईंचं वाटावं असं लाल पेन काढलं आणि वहीत ठिपका दिला. आता लेखी पुरावा झाला.

छाया पुढे वाकली. पडद्याकडे बघितलं, मग योगिनीकडे, मग मॉनिटरच्या वरच्या प्लास्टिककडे, मग पुन्हा योगिनीकडे. "दगडाला लाल ठिपका," ती म्हणाली. "उद्या नारळ फोड." आणि पुढे काहीच बोलली नाही. मृतपक्षाचा बुरूज ढासळला, असा याचा अर्थ योगिनीने लावला.

कुणी विचारेल, मग फोरमचं पान उघडल्यावर तो ठिपका तिथे दिसला नाही का? दिसला की. पण पानाच्या त्या कडेला जाहिराती लुकलुकायच्या. तिथे लाल ठिपका काय, लाल हत्ती उभा असता तरी कुणी बघितलं नसतं.

योगिनीने त्या दिवशी अठरा ओळी लिहिल्या. शब्दकोश फक्त दोनदा उघडला. चंद्रभागेच्या कपाळावर डावीकडून अमुक अंतरावर लाल खूण आली आहे, शेवाळ उगवण्याआधी देठ तांबूस होतात हे आम्हा फुलं लावणाऱ्यांना माहीत असतं, गुलाबाचा कोंबसुद्धा आधी लालच फुटतो, तेव्हा हे उत्तराचं पहिलं अक्षर आहे. खाली नाव, गाव: नाशिक.

शुक्रवारी बघितलं तर चार पानं उत्तरं.

फिनलंडवाल्याने लिहिलं होतं की त्याने चित्र आठशे पट मोठं केलं आणि त्या जागचा एक कण शेजारच्या कणांपेक्षा किंचित ऊबदार आहे हे त्याला मान्य करावंच लागलं. ब्राझीलच्या एका बाईंना आधी काही दिसलं नाही, पण मान डावीकडे तिरकी करून, खोलीतला दिवा घालवून बघितल्यावर स्वच्छ दिसलं. कॅनडातल्या कुणी शेवाळाच्या वाढीचं गणित मांडून उत्तर "हो" आहे असं काढलं, तर दुसऱ्याने त्याच गणिताने "नाही" काढलं, आणि दोघांनीही योगिनीचे आभार मानले. तिच्या सिद्धांताला नाव पडलं, "नाशिकचा कोंब." तिच्या नावापुढे "ज्येष्ठ सदस्य" अशी पट्टी लागली. ज्येष्ठ! ओमने ते वहीत उतरवून घेतलं.

"त्यांना कसं दिसतंय गं?" छाया एवढंच म्हणाली.

"डोळे आहेत त्यांना. तुझ्यासारखे नाहीत."

त्यानंतरचे दोन आठवडे योगिनी जमिनीवरून चालत होती असं म्हणता येणार नाही. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत ती नेमून दिलेल्या वेळेपेक्षा सहा मिनिटं जास्त बोलली. घरी जेवताना आत्याआजीलासुद्धा मध्येच तोडून बोलली, तेव्हा भिमाजींनी भाकरीचा घास हातातच ठेवून बायकोकडे बघितलं. जगात सत्तावीस देश होते आणि त्यांतल्या एकेकात कुणीतरी "योगिनी काय म्हणते" म्हणून बघत होतं.

मग धनत्रयोदशी उजाडली. शाळेला सुट्टी. सकाळी योगिनी कॅफेत एकटीच आली. मावशींची साफसफाई चालली होती. लक्ष्मीपूजनाचं सामान, त्यात कुंकवाची डबीही, झेरॉक्सच्या मशीनवर मांडलेलं. योगिनीने चित्र उघडलं. पट्टी-पट्टीने चंद्रभागा उतरली, ठिपक्यासकट. तेवढ्यात मावशी ओलं फडकं घेऊन आल्या.

"सरक गं जरा. धूळ बघ केवढी ती." आणि पडद्यावरून फडकं फिरवलं. एकदा, दोनदा. वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच कोरडी केली आणि दोन नंबरकडे वळल्या.

चंद्रभागेचं कपाळ स्वच्छ होतं.

योगिनीने पान पुन्हा उघडलं. स्वच्छ. दोन नंबरवर जाऊन उघडलं. स्वच्छ. एक नंबर. स्वच्छ. मग ती मावशींपाशी गेली, त्यांच्या हातातलं फडकं मागून घेतलं आणि उलगडलं. काळ्या धुळीत एक फिकट लाल फराटा.

फिनलंड. आठशे पट. ब्राझीलच्या बाईंची मान. ज्येष्ठ सदस्य! आणि आता सहाशे लोकांना कळणार, की नाशिकच्या या ज्येष्ठ सदस्येने स्वतःच्या हाताने लावलेलं कुंकू स्वतःच शोधून काढलं. पुन्हा ती बाकाखाली जाईल. पुन्हा हजेरीला हूं.

मावशी बूथमध्ये जाऊन फोनवर कुणाशी तरी फराळाचं बोलत होत्या. योगिनीने झेरॉक्सच्या मशीनकडे बघितलं. डबी उघडीच होती. तिने बोटाच्या टोकाला कुंकू घेतलं, अगदी मोहरीएवढं, आणि तीन नंबरसमोर येऊन बोट उचललं. बोट पडद्यापासून वीतभर लांब असताना थांबलं. थांबलं ते थांबलंच. पुढे जाईना, मागे येईना. दगडांच्या ग्रहावर याला सहा मंगळवार सहज लागले असते.

"पुसलं वाटतं कुणी?"

दारात छाया उभी होती. चपला काढत, जशी काही रोजचीच गोष्ट.

योगिनीचं बोट हवेतच. "तुला... तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. वर प्लास्टिकला तीन बोटं कुंकू, खाली काचेवर एक ठिपका. मला काय डोळे नाहीत?"

"मग बोलली का नाहीस? तू तर मृतपक्षाची!"

"मजा येत होती गं! ब्राझीलच्या बाई एवढी मान तिरकी करून बसल्या होत्या, ती मी कशाला सरळ करू?" छायाने पिशवी खुर्चीला अडकवली. मग जरा हळू म्हणाली, "आणि तू अठरा ओळी लिहीत होतीस. मध्येच कशी अडवणार?"

योगिनी खाली बसली. कुंकवाचं बोट ओढणीला पुसलं. ती ओढणी आता कायमचीच गेली.

"सांगितलं तर हसतील सगळे."

"हसतील."

"नाही सांगितलं तर?"

"तर दर मंगळवारी मावशींच्या आधी येऊन कुंकू लावायचं. बारावीपर्यंत. जमेल?"

योगिनीने कीबोर्ड पुढे ओढला.

खंडेनवमी इंग्रजीत लिहिणं हे शेवाळाने बोलण्यापेक्षा अवघड निघालं. पाच वेळा लिहिलं, पाच वेळा पुसलं. शेवटी असं उतरलं: आमच्याकडे वर्षातून एक दिवस आम्ही अवजारांचे आभार मानतो. मी कॉम्प्युटरचे आभार मानले. लाल खूण माझ्या बोटाची आहे. मी ती पुसली, पण नीट पुसली नाही. चंद्रभागेच्या कपाळावर काही नाही. मी चुकले. तुम्हा सर्वांची क्षमा मागते. छायाने एक शब्द बदलू दिला नाही. योगिनीने डोळे मिटून बटण दाबलं, आणि दिवाळीचे चार दिवस ती कॅफेकडे फिरकली नाही. चकल्या मोडल्या, रांगोळीत रंग सांडले, आत्याआजीने दोनदा विचारलं, "पोरीला काय झालं गं? बोलत का नाय?"

भाऊबीज उलटल्यावर मंगळवार आला. छायाने तिला घरून ओढून आणलं. ओम आधीच बसला होता, वही मिटून, चेहऱ्यावर देवळातून आल्यासारखा भाव.

"तू आधी फोरम बघ," तो म्हणाला.

सात पानं. हसणारं एकही नाही.

फिनलंडवाल्याने लिहिलं होतं, "मी हे तीनदा वाचलं. 'मी ती पुसली, पण नीट पुसली नाही.' चंद्रभागेबद्दल इतकं सुंदर आजवर कुणी लिहिलेलं नाही." कॅनडातल्या दोन्ही गणितवाल्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, की हे रूपक आहे. तिसऱ्या एकाची खात्री होती, की लेखकाने तिला गुपचूप पत्र लिहून गप्प बसायला सांगितलं असणार, म्हणून तिने ही आभार मानायची गोष्ट रचली. कॉम्प्युटरला कोण ठिपका लावतं? आणि ब्राझीलच्या बाई चक्क चिडल्या होत्या. "तुझा विश्वास उडाला असेल. मला अजून दिसतंय. माझं दिसणं तू पुसू नकोस."

"पण मी खरं सांगितलं!" योगिनी ओरडली.

"चांगलं इंग्रजी लिहिलंस, तिथे चुकलीस," छाया म्हणाली.

"आता चित्र उघड," ओम म्हणाला.

पट्टी-पट्टीने चित्र उतरू लागलं. आकाश. चंद्रभागेचं टोक. मग तिचं कपाळ.

कपाळावर ठिपका होता. मोहरीएवढा. लाल.

छायाने उठून दोन नंबरवर तेच पान उघडलं. तिथेही होता. एक नंबरवरही होता. परत आली, खुर्चीत बसली आणि गंभीरपणे म्हणाली, "मी पक्ष बदलते. जिवंत आहे."

"नाही!" योगिनी उभी राहिली. "काही जिवंत नाही! लेखकाने माझं वाचून काढलाय तो! त्याला काही सुचत नव्हतं, मी कुंकू लावलं आणि याने तिथे रंग भरला! मेलीय ती छाया, केव्हाच मेलीय!"

"अगं, पण दिसतंय ना डोळ्यांनी."

"मलापण तेव्हा दिसलंच होतं!"

"त्यांनी तुला क्षमा केलीय बघ." छायाने सर्वांत खालचं उत्तर दाखवलं. "सत्तावीस देशांनी. लिहिलंय, पहिली साक्षीदार डगमगली तरी तिला परत घ्यावं."

ओम लाल पेन उघडून थांबला होता. "मी काढू का नको?" त्याने विचारलं. गेल्या तीन मंगळवारच्या चित्रांवर त्याने परवाच खोडरबर फिरवला होता, आणि शाई थोडीच जाते. कागद मात्र भोक पडायला आला होता.

योगिनीने बोट जिभेला लावून ओलं केलं, पडद्यावर टेकवलं आणि घासलं. ठिपका हलला नाही. ओढणीचं टोक गुंडाळून घासलं. मग फुंकर मारून, दोन्ही हातांनी मॉनिटर धरून घासलं.

"किती घासशील गं?" बूथमधून लतामावशींचा आवाज आला. "पुसलंय मी ते."